उष्णतेचा जमाखर्च

चुनकळीवर पाणी शिंपडलें असतां ती फुगते, तडकते, तिच्यांतून वाफा निघूं लागतात आणि भांडें हातीं धरवत नाहीं. विस्तव कोठेंच नसतां ही उष्णता आली कोठून, असें वर्गांत विचारलें तर बहुधा एकच उत्तर मिळतें : "ही उष्मादायी क्रिया आहे." उत्तर खोटें नाहीं, परंतु त्यानें क्रियेस नांव मिळतें, उलगडा होत नाहीं. रासायनिक क्रियांतील उष्णता केवळ व्याख्यांनीं न शिकवितां हिशेबानें शिकवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम भट्टीकडे पाहूं. चुनखडी सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅम चुनकळी व ४४ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड वायु मिळतो. वजनाचा हा ताळा मुलें बिनचूक मांडतात. पण ह्याच फुटीसाठीं सुमारें १७८ किलोजूल उष्णता खर्ची पडते, ती मात्र त्यांच्या वहींत कोठेंच दिसत नाहीं.

आतां परतफेड पाहा. त्या ५६ ग्रॅम चुनकळीशीं १८ ग्रॅम पाण्याचा संयोग झाला कीं सुमारें ६५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. उरलेलीं ११३ कोठें गेलीं? तीं भिंत परत करते. गिलाव्यांतील विरलेला चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून पुनः चुनखडी होतो, आणि तेव्हां तेवढी उष्णता निघते. मात्र हें काम महिनोन् महिने, कित्येकदां वर्षानुवर्षें, इतक्या सावकाश चालतें कीं हातास कांहींच जाणवत नाहीं. पासष्ट आणि एकशें तेरा मिळून एकशें अठ्ठ्याहत्तर. भट्टींत जेवढी उष्णता जमा झाली, तेवढीच परत मिळाली. वाट एका टप्प्याची असो वा अनेक टप्प्यांची, उष्णतेची एकूण बेरीज एकच राहते, हा नियम रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील हेस ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८४० सालीं मांडला.

कोणी म्हणतील, अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा आणि परीक्षेंत गुण तर व्याख्येलाच. आमचें उत्तर असें कीं, वरील हिशेब फळ्यावर तीन ओळींत मावतो, आणि त्याचा उपयोग परीक्षेपुरता नाहीं. केवळ पाण्यावर चालणाऱ्या गाडीची वार्ता अधूनमधून ऐकूं येते आणि शिकलेले लोकही तिला भुलतात. ज्यास हा जमाखर्च कळला, तो लगेच सांगेल कीं, १८ ग्रॅम पाण्याचें हायड्रोजन व ऑक्सिजन करावयास सुमारें २८६ किलोजूल ऊर्जा घालावी लागते, आणि तो हायड्रोजन जाळून पुनः पाणी झालें म्हणजे तेवढीच मिळते, कपर्दिकही अधिक नाहीं. मग गाडी ओढावयास शिल्लक राहिलें काय? व्याख्या पाठ करणारा येथें निरुत्तर होतो. हिशेब करणारा फसत नाहीं.

पालकांस एक विनंति. चुनकळीचा प्रयोग मुलांनीं घरीं एकट्यानें करूं नये. तो शिक्षकांनीं, डोळ्यांस चष्मा लावून, थोड्या चुनकळीवर करून दाखवावा. पानाच्या चुन्याची डबीही लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, कारण चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टि कायमची जाऊं शकते. तसें घडल्यास चुन्याचे कण काढून डोळा तत्काळ स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ धुवावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढें रासायनिक समीकरण लिहाल तेव्हां वजनांच्या जोडीला उष्णतेचाही आंकडा लिहीत जा, आणि उष्णता निघाली असें दिसेल तेथें ती पूर्वीं कोणी व केव्हां जमा केली होती, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नका.