न तपासलेल्या पाण्याला शुद्ध म्हणू नका
चंद्रपूर-गडचिरोलीतील पाणी चळवळीचा जाहीरनामा

आम्ही वर्धा, वैनगंगा, इरईच्या खोऱ्यांतली माणसे. राजुरा-कोरपन्याकडे पऱ्हाटी, ब्रह्मपुरी-आरमोरीकडे धान. रोवणीच्या दिवसांत बांधीत तणनाशक पडते, पऱ्हाटीवर फवारणी होते आणि शेतावरून वाहिलेले पाणी बोडीत, मामा तलावात उतरते, विहिरीपर्यंत झिरपते.

2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अंगावर उडालेले विष तेव्हा सगळ्यांना दिसले. पाण्यात विरलेले दिसत नाही. गावातल्या तपासणी संचाने फ्लोराइड, नायट्रेट, लोह कळते. कीटकनाशक कळत नाही.

आमचे पाणी विषारी आहे, असा आमचा दावा नाही. पण शोधलेच नाही, ते 'नाही' असे कोणी सांगू नये.

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दहा लाख लिटरमध्ये एक ग्रॅम. इतके सूक्ष्म अंश शोधायला क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर लागतात. इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे सर्रास फवारतात. मानकाच्या यादीत ते नाही. युरोपीय संघात बहुतेक कीटकनाशकांना प्रत्येकी लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे.

आमच्या मागण्या

1. नमुने फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात घ्या. फक्त उन्हाळ्यातला नमुना पुरेसा मानू नका.
2. कृषी केंद्रांच्या विक्रीनोंदींवरून तालुक्यात विकल्या जाणाऱ्या औषधांची यादी करा आणि प्रयोगशाळेत तीच औषधे शोधा.
3. 'आढळले नाही' लिहाल तिथे यंत्राला किमान किती अंश ओळखता येतो, तो आकडाही लिहा.
4. अहवाल ग्रामसभेत मराठीत आणि गोंडीत वाचा.
5. मर्यादा ओलांडली असेल, तर आधी गावाला दुसरे पाणी द्या. शेतकऱ्याला आरोपी करू नका.

आमची जबाबदारी

आम्ही गावोगावी फवारणीची वही ठेवू: तारीख, औषध, शेत. नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून पोचवू. विहिरीवर वा बोडीत पंप धुणार नाही. निकाल आमच्याच शेताकडे बोट दाखवणारा असला, तरी लपवणार नाही.

मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने अभ्यासगट चालवून जंगल समजून घेतले आणि 2009 साली त्यावर सामूहिक हक्क मिळवला. पाण्याचा अभ्यासही ग्रामसभेनेच हाती घ्यावा. येत्या रोवणीआधी सभा बोलवा, वही सुरू करा आणि पहिला नमुना कोणत्या विहिरीचा घ्यायचा, ते ठरवा.