मुक्या ठरविलेल्या मुलांचा प्रश्न

ज्याची भाषा अशुद्ध, त्याचा विचारही अशुद्ध, अशी सुशिक्षितांची एक सोयीस्कर समजूत आहे. १९६६ साली अमेरिकेत बेरायटर आणि एंगलमन यांनी गरीब कृष्णवर्णीय मुलांची भाषा मुळातच तर्कहीन ठरविली. दारिद्र्याचा दोष समाजरचनेवरून उचलून बालकाच्या जिभेवर ठेवण्याचाच हा प्रकार होता.

१९६९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी या सिद्धान्ताचे पितळ उघडे पाडले. हार्लेममधील आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत जेमतेम एखाद्या शब्दाने उत्तर देई. पुढच्या खेपेस त्याच मुलाखतकाराने बटाट्याचे वेफर्स आणले, मुलाच्या मित्राला सोबत घेतले आणि स्वतः जमिनीवर बैठक मारली. मुलगा भरभरून बोलू लागला! दोन भेटींच्या दरम्यान त्याची बुद्धी वाढली होती की काय? बदलले होते ते वरचढपणाचे नाते.

इतरांशी बोलता बोलता मूल स्वतःशी बोलू लागते आणि तेच आंतरिक बोलणे विचाराचे साधन बनते, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडले. मग घरची भाषा हिणवून मुलाचा विचार फुलणार कसा? मिशिगनमधील अॅन आर्बरच्या खटल्यात १९७९ साली न्यायालयाने शिक्षकांना मुलांची घरची बोली जाणून घेण्याची व्यवस्था करावयास लावली.

महाराष्ट्रात गोंडी वा अहिराणी बोलणारे मूल वर्गात गप्प बसले की त्याला ‘मठ्ठ’ म्हणणाऱ्यांनी हा निवाडा ध्यानात घ्यावा. प्रमाणभाषा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. आईच्या बोलीची लाज ही त्या हक्काची किंमत असता कामा नये.