पॅरिसला जाताय? आधी 'बोंझूर' शिका

मुलगा-मुलगी पॅरिसला नोकरीला, आणि आईवडिलांना बोलावणे आलेले, अशी घरे आता आपल्यातही आहेत. त्यांना आमचे पहिले सांगणे : दुकानात पाऊल टाकताच 'बोंझूर' म्हणा, बाईंना पुढे 'मादाम' जोडा, मगच भाव विचारा. पाववाला असो की बस-ड्रायव्हर, अभिवादनाविना केलेली मागणी तिथे हुकूम वाटते. काउंटरमागचा माणूस गिऱ्हाइकाचा नोकर नव्हे, बरोबरीचा. उत्तर तुटक आले की 'आपल्या रंगामुळेच' असे लगेच मनाला लावून घेऊ नका. पुष्कळदा बोंझूर राहिलेले असते. (रंगभेद तिथे नाहीच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.) निघताना 'मेर्सी, ओ रव्हुआर'.

हॉटेलात जेवताना 'ऊन काराफ दो' मागा. नळाचे पाणी चांगले असते, फुकट मिळते. बाटलीला पैसे पडतात. सेवेचा आकार दरातच धरलेला असतो, टिप आपल्या खुशीची.

मेट्रोचे तिकीट बाहेर पडेपर्यंत जपा, तपासनीस मध्येच अडवतात, दंड करतात. पाकीटमारही आहेत, दादरच्या पुलावर सांभाळता तसेच सांभाळा.

लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. गिमे संग्रहालयही त्याच दिवशी बंद असते. तिथे गांधार आणि कंबोडियाची बुद्धशिल्पे आहेत, म्हणून बेत दुसऱ्या वारी आखा.