व्यवस्थापनाचा उंबरठा आणि रायगडचा अभियंता

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरचा एखादा अभियंता चार-पाच वर्षे संगणक कंपनीत काढतो आणि मग व्यवस्थापन संस्थेत आपल्याला प्रवेश मिळेल काय, अशी चौकशी करू लागतो. शिकवणीवर्गाचे सल्लागार तत्काळ हिशेब मांडतात: दहावीचे गुण किती, पदवी कोठली, नोकरीचे महिने किती, ‘कॅट’चे पर्सेंटाइल किती. हिशेब बिनचूक असतो. परंतु हे माप कोणी घडविले आणि ते कोणाच्या सोयीचे आहे, हे विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही.

2024 साली सुमारे तीन लाख उमेदवार ‘कॅट’ला बसले. एवढ्या गर्दीत 99 पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे सुमारे तीन हजार जण उभे असतात. त्यांतही अभियंत्यांचीच दाटी असल्याने काही संस्था इतर शाखांच्या पदवीधरांना जादा गुण देतात. विविधतेचा हेतू चांगला आहे. पण ही विविधता पदवीचे नाव पाहते, घरची चूल पाहत नाही. अहमदाबाद व बंगळूर येथील निवडीत दहावी-बारावीचे गुणही धरले जातात. पंधराव्या वर्षी ज्याला भातशेतीत वा होडीवर हात द्यावा लागला, त्याच्या गुणपत्रिकेवरचा तो डाग पुढील कोणत्याही कर्तृत्वाने धुतला जात नाही.

याहून मोठी भिंत भाषेची आहे. अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ 2021 पासून मराठीसह 13 भाषांत देता येते. ‘कॅट’ मात्र केवळ इंग्रजीत होते आणि तिच्या 120 मिनिटांतील 40 मिनिटे इंग्रजी वाचन व भाषाज्ञान तपासण्यातच जातात. म्हणजे कारखाना उभारण्याची पात्रता मराठीत सिद्ध करता येते, तो चालविण्याची नाही! व्यापाराची भाषा इंग्रजी आहे, हा युक्तिवाद ठरलेला आहे. तसे असेल तर ती भाषा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकवावी. शिक्षणसंस्थेचे कामच ते आहे. घड्याळ लावून इंग्रजी उतारे वाचण्याच्या वेगाला बुद्धिमत्ता म्हणणे, हा इंग्रजी शाळांत वाढलेल्या वर्गाने स्वतःलाच दिलेला दाखला होय.

मागासवर्गीयांसाठी 27 टक्के राखीव जागा 2008 साली न्यायालयीन लढ्यानंतर या संस्थांत आल्या. दार किलकिले झाले, पण आता उंबऱ्यावर शुल्क उभे आहे. अहमदाबादेत दोन वर्षांचे शुल्क 20 लाख रुपयांच्या वर गेले आहे. सवलती आहेत, बँका कर्जही देतात, असे सांगितले जाते. परंतु डोक्यावर असे कर्ज असलेला पदवीधर मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा सरकारी रुग्णालयाकडे वळेल काय? कर्जाचा हप्ताच त्याची नोकरी निवडतो.

येथेच मूळ हेतूचा विसर उघड होतो. बंगळूरची संस्था 1973 साली स्थापन झाली, ती सार्वजनिक उद्योगांना व्यवस्थापक मिळावेत या अपेक्षेने. रायगडच्या किनाऱ्यावर थळचा सरकारी खत कारखाना 1985 साली सुरू झाला. त्यासाठी जमिनी स्थानिकांच्या गेल्या. 1989 साली लोणेरे येथे डॉ. आंबेडकरांच्या नावाने तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. जमीन येथली, अभियंता येथला. व्यवस्थापक मात्र दुसऱ्या वर्गातून यावा, ही श्रमविभागणी कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. ‘कॅट’ भारतीय भाषांत घ्यावी. नोकरीचा अनुभव असलेल्या उमेदवाराच्या दहावी-बारावीच्या गुणांना निवडीत स्थान नसावे. सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थांचे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नाशी बांधावे आणि सार्वजनिक वा सहकारी क्षेत्रात काम करणाऱ्याचे कर्ज माफ करावे. 2017 च्या कायद्याने या संस्थांना स्वायत्तता दिली. समाजाच्या देण्यातून मुक्तता दिलेली नाही.

चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. खोत आपल्या पदरात किती टाकील याचे अंदाज ते बांधीत बसले नाहीत. वाटा ठरविण्याचा खोताचा अधिकारच त्यांनी नाकारला. त्यांच्या नातवंडांनी प्रवेशाची शक्यता जरूर मोजावी, पण त्याच वेळी मोजणाऱ्याच्या हातातील मापही तपासावे.