आपले पूर्वज कोण?

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषींचे असो, संसारी माणसाला मात्र कूळ शोधल्यावाचून गत्यंतर नसते. मुलीला स्थळ आले की पहिला प्रश्न ‘कोणाच्या घरचे?’ हाच असतो. जमिनीची वाटणी निघाली की वारस कोण हे ठरवावे लागते. विवाहापूर्वी धर्मगुरू विचारतात, ‘तुमचे आपसांत काही नाते आहे काय?’ उत्तर देताना आपली जीभ आजोबांपर्यंत धीटपणे चालते, पणजोबांपाशी अडखळते आणि पणजीपाशी साफ थांबते. पणजीचे माहेर कोणते, तिचे लग्नाआधीचे नाव काय, हे किती घरांत सांगता येईल?

या प्रश्नाचे महत्त्व पटावे म्हणून सुरत प्रांतातील एका ख्रिस्ती समाजाची हकीकत आज सांगतो. हा समाज आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतला नव्हे. परंतु त्याच्या कथेत आपणांसही पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

सुरतेला कतारगामच्या बाजूस इंग्रज व डच व्यापाऱ्यांची जुनी कबरस्ताने आहेत. १६५९ साली वारलेला ख्रिस्तोफर ऑक्झेंडन, १६६९ साली वारलेला त्याचा भाऊ सर जॉर्ज, १६९१ साली वारलेला डच अधिकारी व्हान रीड, यांच्या थडग्यांवर घुमटांच्या मोठ्या इमारती उभ्या आहेत. श्रीमंताचे नाव दगड राखतो. गरिबाचे नाव कोण राखणार?

त्याच सुरत जिल्ह्यात त्या काळी वलसाड मोडत असे. इंग्रज त्याला बुलसार म्हणत. विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन ही तीन माणसे १८९४ साली अमेरिकेहून निघाली आणि पुढच्या वर्षी वलसाडला राहू लागली. ती ‘ब्रदरेन’ म्हणजे बंधुमंडळी या पंथाची. पुढे या पंथाचे काम अंकलेश्वर, व्यारा, डांगातील आहवा येथे आणि आपल्या मराठी मुलखात डहाणू, पालघर, वाडा या भागांत पसरले. डहाणूचा त्यांचा दवाखाना आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांना ठाऊक होता.

या पंथाचा उगम जर्मनीतला. १७०८ साली श्वार्झेनाउ या गावी एडर नदीत अलेक्झांडर माक व त्यांचे सोबती, पाच पुरुष व तीन स्त्रिया, अशा आठ जणांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. छळ व दारिद्र्य यांना कंटाळून १७१९ साली त्यांच्यातील पहिली तुकडी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनला गेली. माक स्वतः १७२९ साली गेले. मेनोनाइट हा त्यांच्याहून जुना पंथ. फ्रीसलंडमधील मेनो सिमन्स हे आपलेच धर्मगुरू; त्यांनी १५३६ साली कॅथलिक ख्रिस्तसभा सोडली आणि पंथाला त्यांचे नाव मिळाले. युद्धात शस्त्र धरावयाचे नाही, शपथ घ्यावयाची नाही आणि तान्ह्या बालकास बाप्तिस्मा द्यावयाचा नाही, हे दोन्ही पंथांचे नियम.

यातील तिसऱ्या नियमाशी आपल्या विषयाचा संबंध येतो. मूल मोठे होऊन स्वतः श्रद्धा प्रकट करील तेव्हाच त्याला पाण्यात उतरवावयाचे, अशी रीत असल्यामुळे जन्माबरोबर मुलाचे, आईबापांचे व धर्ममातापित्यांचे नाव लिहिणारी बाप्तिस्म्याची वही त्यांच्याकडे निर्माणच झाली नाही. म्हणून त्या पहिल्या वसाहतवाल्यांचे वंशज आपले कूळ शोधू लागले की त्यांना दूरदूरच्या वाटा धराव्या लागतात. कोणी मृत्युपत्रे वाचतो. त्यात ‘माझी मुलगी अमकी, जावई तमका’ असे लिहिलेले आढळले की एका विवाहाचा पत्ता लागतो. कोणी जमिनीची खरेदीखते चाळतो, कोणी घरातील जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवरील जन्ममृत्यूच्या तारखा पाहतो. १७२७ पासून फिलाडेल्फिया बंदरात परक्या उतारूंच्या याद्या होऊ लागल्या. परंतु निष्ठा नोंदवून घेण्यासाठी केलेल्या त्या याद्यांत सोळा वर्षांवरील पुरुषांचीच नावे आहेत. त्याच जहाजातून बालक पोटाशी धरून आलेल्या आईचे नाव तेथे नाही. शिवाय लग्ने बहुधा पंथातल्या पंथात होत आणि तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जात. त्यामुळे एकाच गावातल्या एकाच नावाच्या चौघांतून आपला पूर्वज निवडून काढणे म्हणजे मोठे कोडेच.

हाच प्रश्न सुरत जिल्ह्यात अधिक करुण रूपाने उभा राहिला. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, या वर्षीच्या दुष्काळाला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. गावेच्या गावे अन्नासाठी बाहेर पडली आणि आईबाप वाटेतच गेले. उरलेली पुष्कळ पोरकी मुले वलसाडच्या ब्रदरेन मिशनरींनी आश्रमात घेतली. मध्य प्रांतात धमतरीला १८९९ साली आलेल्या मेनोनाइट मिशनरींनीही असेच आश्रम काढले. पुढे त्यांनी बालोदगहन हे गाव विकत घेऊन तेथे ख्रिस्ती कुटुंबे वसविली. अशा आश्रमांत वाढलेल्या मुलामुलींचे एकमेकांशी विवाह होत आणि नवी घराणी सुरू होत.

वाचकहो, त्या मुलांची स्थिती मनात आणून पाहा. चार वर्षांच्या पोराला आपल्या बापाचे नाव तरी काय सांगता येणार? त्याचा बाप ‘बा’ आणि आई ‘आई’. आपले गाव कोणत्या तालुक्यात, हे त्याला कसे कळावे? त्याच्या नातवंडांचा वंशवृक्ष आश्रमाच्या दारापाशी सुरू होतो. त्यापलीकडे काळोख आहे. पुढे गुजरातेत अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी ‘ख्रिश्चन’ हेच आडनाव लावले. धर्माची खूण म्हणून ते गोड आहे. परंतु हजारो असंबंधित घरांचे आडनाव एकच झाले की त्यावरून कूळ ओळखता येत नाही.

तरीही एक आधार होता. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहाची नोंद ठेवणे पाळकांना भाग पडले. त्यामुळे अमेरिकेतील पहिल्या पिढ्यांना जे मिळाले नाही ते येथील कुटुंबांना मिळाले. पण त्या कायद्याच्या नमुन्यातही वडिलांच्या नावाचा रकाना आहे, आईच्या नावाचा नाही. शोध घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७० साली नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली, तेव्हा ब्रदरेन मंडळीही तीत सामील झाल्या. म्हणून जुन्या नावाबरोबर नव्या नावानेही चौकशी करावी. मिशनरींची पत्रे ‘मिशनरी व्हिजिटर’ या त्यांच्या मासिकात छापली जात, आणि पंथाचे दप्तर अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एल्गिन येथे जपलेले आहे.

आता आपल्या घरी येऊ. १५६३ साली ट्रेंट धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली. तीत वधूवर, साक्षीदार, दिवस व स्थळ लिहावयाचे. बाप्तिस्म्याच्या वहीत धर्ममातापित्यांची नावेही येऊ लागली. १९०८ पासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीही होऊ लागली. म्हणून एका ओळीवरून दुसऱ्या ओळीकडे आणि एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामाकडे जाता येते. कुळंबिणीच्या मुलीचे नाव जमीनदाराच्या मुलीच्या नावाशेजारी त्याच शाईत लिहिलेले असते.

परंतु याचा अभिमान धरून स्वस्थ बसू नये. वसईच्या १७३९ च्या युद्धात, वाळवीत आणि ओलीत आपलेही पुष्कळ कागद गेले. पोर्तुगीज आडनावे एकच असली तरी घराणी निरनिराळी असतात, हे आपण रोज पाहतो.

कूळ जाणण्याचा व्यवहारी उपयोगही मोठा आहे. १९१७ च्या धर्मनियमांप्रमाणे चुलत, मामे, आते, मावस भावंडांच्या मुलांचाही आपसांत विवाह होऊ शकत नसे. १९८३ च्या नियमांनी ही मर्यादा चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंत आणली. तेथेही सवलत मिळाल्यावाचून विवाह वैध होत नाही. मामाची मुलगी करण्याचा रिवाज आसपास असताना हे आधीच माहीत असलेले बरे. मांडव घातल्यावर कळले तर घराची अब्रू जाते. आणि ब्रदरेन किंवा मेनोनाइट घरातील वधू वा वर असेल आणि दाखला मिळत नसेल, तर घाबरू नये. ज्याने जाणत्या वयात बाप्तिस्मा घेतला त्याची शपथ, किंवा एका विश्वसनीय साक्षीदाराचे सांगणे, कोणाच्या हक्काला बाध येत नसेल तर ख्रिस्तसभा पुरावा म्हणून मान्य करते. त्यांच्यातील कोणी पंथाच्या नियमामुळे शपथ घेण्यास कचरत असेल, तर साक्षीदाराची वाट मोकळी आहे. मात्र साक्षीदार जिवंत असतानाच विचारले पाहिजे.

म्हणून माझी विनंती आहे. या रविवारी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. स्वतःपासून सुरुवात करा. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आईचे माहेरचे आडनाव व गाव, बाप्तिस्मा व विवाह कोणत्या मंदिरात झाला, धर्ममातापिता कोण, हे लिहा. मग सातबारावरील वारसांच्या नोंदी, शाळेचे दाखले व थडग्यांवरील तारखा यांच्याशी ताडून पाहा. जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहा. कुणी अनाथ वा परजातीतून आलेली सून असेल तर लाजेने तिचे नाव गाळू नका.

संत मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीनेच केला आहे. तीत राजे आहेत; आणि तामार, राहाब, रूथ व उरियाची पत्नी याही आहेत. राहाब आणि रूथ तर परक्या कुळातल्या. प्रभूच्या वंशावळीने त्यांना गाळले नाही. मग आपल्या वहीत पणजीसाठी एक ओळ असू नये काय?