‘झिंगाट’चा काय दोष?

दोस्तांनो, डोळखांबला वरात निघाली की ‘झिंगाट’ ठरलेलंच! मोठी माणसं म्हणतात, “पुरे झालं बुवा, कान किटले!” पण जरा ऐका तर. ‘सैराट’ आला २०१६ साली. अजय-अतुल यांनी त्यात गाणी दिली चारच. ‘याड लागलं’साठी तर थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, मोठा वाद्यवृंद बसवला. ‘झिंगाट’ सोडलं तर बाकीची तिन्ही एकट्यानं गुणगुणायची. अख्ख्या गावानं मिळून नाचावं असं हे एकच. तेच काढलं तर ताटातला ठेचाच गेला की! अतिरेक केला लाऊडस्पीकरनं, गाण्यानं नव्हे. या रविवारी आईबाबांबरोबर चारही गाणी ओळीनं, हळू आवाजात ऐका. मग सांगा, कोणतं वगळाल?