परत न जाणारं कुटुंब

अद्भुतकथेच्या त्रयीचा शेवटचा भाग हातात घेतला की वाचक दुष्ट राजा कसा मरतो याची वाट बघतो. जर्मन लेखिका कोर्नेलिया फुंके यांचं ‘टिंटेनटोड’ (२००७) वाचताना मला काळजी होती ती दुसरीच: त्यातलं कुटुंब घरी परत जाणार का?

‘टिंटेनहेर्त्स’ आणि ‘टिंटेनब्लुट’ हे आधीचे खंड ज्यांनी वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मो पुस्तकबांधणी करतो. तो मोठ्यानं वाचू लागला की पुस्तकातली माणसं बाहेर येतात आणि बाहेरची आत ओढली जातात. तिसऱ्या खंडात तो, त्याची बायको रेझा आणि मुलगी मेगी, तिघंही शाईच्या जगात, म्हणजे पुस्तकातल्या जगात आहेत. तिथल्या जुलमी राजाला मोनं कोऱ्या पानांचं एक पुस्तक बांधून दिलंय. ते आहे तोवर राजाला मरण नाही. पण ते मुद्दाम असं बांधलंय की पानांना ओल धरावी. पानं कुजतात तसा राजाही जिवंतपणी कुजतो, आणि नव्या पुस्तकासाठी त्याच कारागिरामागे लागतो. खलनायकाला इतकी नेमकी शिक्षा मी क्वचितच वाचली आहे.

तरी पुस्तकाचा जीव आहे तो नवरा-बायकोत. रेझा गरोदर आहे, तिला परत जायचंय. मोचा मात्र पाय निघत नाही. गाण्यांतून गाजलेला शूर दरोडेखोर म्हणून लोक त्याला ओळखू लागलेत आणि ते त्याला आवडू लागलंय. या ओढाताणीत मेगी मागे पडते. आधीचे दोन खंड जिच्या जोरावर उभे राहिले, तिच्यावर हा अन्यायच आहे.

मी राहते त्या म्युनिकमध्ये हे वाचताना लेखक मिखाएल एंडे आठवतातच. येला लेपमान यांनी १९४९ मध्ये उभारलेलं आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय आता ब्लुटेनबुर्गच्या गढीत आहे, आणि तिथंच एंडे यांचं संग्रहालय आहे. त्यांच्या ‘डी उनएंडलिखे गेशिख्टे’तला (१९७९) बास्टियान कल्पनेच्या राज्यातून वडिलांकडे परततो, आणि त्यातच त्याचं भलं असतं. टोलकिनचा फ्रोडोही परततो, पण गावात त्याचा जीव रमत नाही. फुंके यांची माणसं परततच नाहीत. मेगीचा भाऊ शाईच्या जगात जन्मतो, आईवडिलांच्या जगाच्या गोष्टी ऐकतो आणि त्याला तिकडचीच ओढ लागते.

हे मला ओळखीचं वाटतं. इथल्या, म्युनिकमधल्या मराठी घरांतही आधी ‘मूल शाळेत जायच्या आत परत जाऊ’ असं ठरतं. मग ‘चौथीनंतर गिम्नाझियमचं (पुढच्या माध्यमिक शाळेचं) ठरायच्या आत’. त्यानंतर हा विषय फक्त भारतातून फोन आला की निघतो. मुलांचं पुणं म्हणजे सुट्टी आणि आजीच्या गोष्टी. फुंके मेगीच्या भावाची कीव करत नाहीत, राहिलेल्यांना दोषही देत नाहीत, म्हणून हा शेवट मला एंडेंच्या शेवटापेक्षा खरा वाटतो. २०२३ मध्ये फुंके यांनी शाईच्या जगावर चौथं पुस्तक काढलं. माझ्या मते गोष्ट त्या बाळापाशी पूर्ण झाली होती.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे तिन्ही खंड जरूर द्या. तिसरा त्यांच्या हातून आपणही घ्यावा. रेझा रात्री नवऱ्याशी का भांडते हे मुलांपेक्षा आपल्याला लवकर कळेल.